धर्मा कोळी कोण?

बसा मित्रांनो, आणि ते फोन आधी खिशात घाला. मी एक जुनी बेडी आहे. आज तुम्हाला जी गोष्ट सांगते ना, ती माझ्या पाटीवर नाही. पाटीवर आहे ते साफ खोटं.

जात माझी लोखंडाची. दोन कड्या, मधे साखळी. परळच्या चौकीत मी तीस वर्षं खुंटीला लटकले. माझं कौतुक कोण करणार? हवालदाराच्या कमरेला मी दिसले की लोक रस्ता बदलायचे. चोर शिव्या द्यायचे, त्यांच्या बायका तळतळाट. ते सगळं गिळलं, धंदाच तसला. पण एक मनगट अजून टोचतं.

पंचाहत्तर साल. खबर आली, वरळीचा धर्मा कोळी चोरून फॉरेनची घड्याळं उतरवतो. हवालदार मला घेऊन कोळीवाड्यात शिरला आणि ओरडला, "धर्मा कोळी कोण?"

जाळं विणणारा एक जण उठला. "मीच. काय झाला?"

झालं! चढले मी त्याच्या हातात. मनगट असं बारीक, की वाटेत एका हातातून निसटलेच. दुसरा असता तर पळाला असता. त्यानं स्वतःच मला परत चढवलं, वर म्हणतो, "सायेब, तुमची वस्तू सुटत होती."

नऊ दिवस आत काढले त्यानं. मग कोर्टात कळलं, वाड्यात धर्मा दोन! घड्याळवाला कधीच पसार. याला सोडलं, पण पहिल्या कागदावरचं नाव कोण खोडतो?

आता त्या चौकीचं पोलीस म्युझियम झालंय. मला पॉलिश केलं, काचेत ठेवलं आणि जुना कागद बघून पाटी ठोकली: 'कुख्यात तस्कर धर्मा कोळी याची बेडी.'

गेल्या सोमवारी त्याची लेक आली. तुळसा. साठीची बाई, आवाज असा की काच थरथरली. "ही पाटी काढ!"

म्युझियमचे साहेब हर्षवर्धन म्हणाले, "मावशी, रेकॉर्डला आहे तेच लावलंय."

"तुजा रेकॉर्ड! आमचे कोलीवाऱ्यान सगलेच कोली. आज पन धर्मा कोली ईचार, चार उठतील. चौघांना घालशील काय ही? शालेची पोरं हितं येऊन गेली, माजी नात किर्ती रडत घरा आली. पोरी बोलल्या, तुजा पणजा चोर!"

"आवाज खाली. हे मच्छीमार्केट नाही."

"मार्केटान सडका म्हावरा आमी फेकून देतो रे! तू काचेन ठेवलास, वर दिवा लावलास!"

साहेब लालेलाल. "कोर्टाचा कागद आणा."

"पन्नास वर्सांचा कागद? कवाच वाळवीनं खाल्ला."

"मग अभिप्रायाच्या वहीत तक्रार लिहा. लेखी असेल तरच पाटी बदलते." आणि पेन पुढे केलं.

तुळसानं पेन बाजूला सारलं; अक्षर ती कधी शिकलीच नव्हती. मग शिक्क्याच्या शाईत अंगठा बुडवून तिनं पानावर असा दाबला, की टेबल हललं. आणि गेली.

अंगठ्याच्या वरची जागा अजून कोरीच आहे.

मित्रांनो, हात बांधण्यात माझा जन्म गेला, पण लिहायला मला हात नाही. तुम्ही याल तेव्हा ती वही उघडा. त्या अंगठ्याच्या वर नीट अक्षरात लिहा: हा धर्मा चोर नव्हता. लिहाल ना?