सत्ताविसावा बटाटा

मी करंगळीएवढा शिपाई बोलतोय. हळू बोलतोय, कारण समोर हवालदार उभा आहे आणि त्याचा माझ्यावर संशय आहे. त्याच्या हातात आमटी वाढायचं भलंमोठं ओगराळं आहे, भुवया टोपीपर्यंत चढल्यात आणि माझ्या पाठीमागे काय आहे ते बघायला त्याने मान वाकडी केलीय. दोन वर्षं झाली, ती मान काही सरळ होत नाही.

माझा पहिला जन्म कागदावर झाला. फार पूर्वी, लढाईच्या दिवसांत, छावणीतला एक शिपाई फावल्या वेळात हसायची चित्रं काढायचा. गोळ्या, बंदुका त्याला काढाव्याशा वाटायच्या नाहीत. भोकं पडलेले मोजे, पातळ आमटी, ओरडणारे हवालदार, असलं काहीतरी. त्यातल्याच एका चित्रात मी आहे. बटाटे सोलायला बसवलेला शिपाई उठून उभा राहिलाय, दोन्ही हात पाठीमागे, तोंडावर साळसूदपणा. हवालदार विचारतोय, काय लपवलंस? चित्र तिथेच संपतं. उत्तर नाही.

दुसरा जन्म दिला त्याच्या नातवाने. हा कवळ्या बनवतो. म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडून माप येतं आणि हा लॅबमध्ये बसून दात बसवलेली कवळी तयार करतो. हिरड्यांसाठी जो गुलाबी मसाला वापरतात, त्याच्या उरलेल्या तुकड्यांतून त्याने मला घडवलं. बाहेरून मी खाकी आहे, पण कुणी नखाने खरवडलं तर आत गुलाबी हिरडी निघेल. डोकं मोठं, नाक त्याहून मोठं. चित्रात जसं, तसंच. बटाटेसुद्धा चित्रातल्यासारखे माझ्या निम्म्या डोक्याएवढे. तुमच्या मापाने म्हणाल तर वाटाण्याएवढे.

आमची छावणी एका जुन्या काचेच्या पेटीत आहे. आधी त्यात मासे होते म्हणे. ते कुठे गेले ते कोणी सांगत नाही. मी विचार करत नाही, पण मनातून जातही नाही.

माझे हात मात्र रिकामे होते. नातवाचे वडील, म्हणजे चित्र काढणाऱ्याचा मुलगा, रोज खुर्ची ओढून बघायला बसायचे. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात. ते एकदा म्हणाले, “अरे, त्याच्या हातात काहीतरी दे की.”

“चित्रात जे नाही ते मी करणार नाही, बाबा.”

“चित्रात पाठ दिसतच नाही, तर असणार कसं?”

“म्हणूनच नाही करणार.”

बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की मलाच त्यांचा संशय यायला लागला.

संशय घेण्यात या घरात सगळ्यांच्या वरचढ आहे ती सून. बाबांची सून, कवळीवाल्याची बायको. तिची मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. जमिनीवर जे सापडेल ते वेचून तोंडात घालायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. डोस द्यायला गेल्यावर दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं की कागदी रुमालांच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घ्या, तिच्यातून जी वस्तू पार होईल ती पोरीच्या घशात जाऊ शकते. झालं! बाई घरभर नळी घेऊन फिरली. बटणं, बुचं, नाणी, सेल, सगळं उचलून कपाटात गेलं. शेवटी ती आमच्या पेटीकडे वळली. एकेकाला उचलून नळीत सोडलं. मी गेलो. हवालदार ओगराळ्यासकट सरळ आत गेला. अख्खी छावणी पार झाली.

“अहो, ही लढाई आहे की पोरीचा खाऊ?” ती म्हणाली. “ते बटाटे तरी चिकटवून टाका एकदाचे.”

“रंग वाळू दे गं. रविवारी चिकटवतो.”

असे किती रविवार गेले ते तिला विचारा. त्यात एकदा गोंदाची नळी बाबांनी खालच्या टेबलावर उघडीच ठेवली आणि मुंगीने ती ओढली. तोंडापर्यंत गेली नाही, नशीब. त्या दिवशी सुनेने नियम केला. पेटीला ती आणि तिचा नवरा सोडून कोणी हात लावायचा नाही. बाबा “बरं” म्हणाले. एवढंच म्हणाले. स्वतःच्या वडिलांचं चित्र, आणि हात लावायचा नाही.

तेव्हापासून सून रोज दुपारी बटाटे मोजायची. टोपलीत बोट फिरवत, ओठ हलवत. सत्तावीस. मग झाकण लावायची आणि जाता जाता माझ्याकडे एक नजर टाकायची. हवालदाराची नजर आणि तिची नजर, दोन्ही एकाच दुकानातून आणल्यासारख्या. आणि मी खरोखर निर्दोष होतो हो! हातात काहीही नव्हतं.

मग ती सकाळ आली.

सून मुंगीला आंघोळ घालत होती. न्हाणीघरातून पाण्याचा आणि दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. बाबा चोरपावलांनी आले. त्यांनी पेटी कपाटावरून खालच्या टेबलावर घेतली, मला उपसून काढलं, टोपलीतला एक बटाटा उचलला, त्यावर गोंदाचा ठिपका लावला आणि तो माझ्या पाठीमागे, दोन्ही हातांच्या मधोमध दाबून धरला. मग मला तंबूला पाठ लावून पुन्हा उभं केलं, पायाखालीही गोंद. गोंदाची नळी आठवणीने खिशात घातली. न्हाणीघराचं दार वाजलं तसे ते चप्पल घालून फिरायला गेले.

पेटी मात्र टेबलावरच राहिली. झाकण अर्धं सरकलेलं.

आता मी खरंच चोर झालो होतो.

तासाभराने सून खोलीत आली ती दारातच थांबली. मुंगी टेबलाची कड धरून उभी होती आणि तिचं तोंड हलत होतं. सुनेने धावत जाऊन तिच्या तोंडात बोट घातलं. कागदाचा कपटा निघाला. मुंगी किंचाळून रडली. सुनेचं लक्ष पेटीकडे गेलं, झाकणाकडे गेलं. तिने बटाटे मोजले. सव्वीस. ओंजळीत घेऊन मोजले. सव्वीस. जमिनीवर आडवी झाली, टेबलाखाली बघितलं, सतरंजी झटकली, पेटीतली पोती उचलून बघितली, मुंगीचे कपडे काढून झटकले. मला तिने चिमटीत धरून ओढलं, पण मी पक्का चिकटलो होतो आणि माझी पाठ तंबूकडे होती.

इथे आहे, इथे! माझ्या हातात आहे! पण गुलाबी हिरडीच्या तोंडातून आवाज कसा निघणार?

तिने नवऱ्याला फोन केला. “तुम्ही एखादा बटाटा उचललात का? खरं सांगा.”

“नाही गं, शप्पथ.”

“पेटी खाली कोणी ठेवली मग?”

“रात्री मीच ठेवली असेन की काय… आठवत नाही.”

“आठवत नाही?” ती म्हणाली. लगेच फोन ठेवला. पोरीला छातीशी धरून तिने शेजारीण गाठली, शेजारणीने गाडी काढली.

मी दिवसभर तसाच उभा. मधे बाबा आले, रिकामं घर बघून थोडे गोंधळले, पेपर घेऊन बसले. पेटीकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि गालात हसले. त्यांना कुठे काय माहीत!

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा सून, तिचा नवरा आणि मुंगी परत आली. मुंगी खांद्यावर झोपलेली. सुनेचा आवाज बसलेला.

“काय झालं?” बाबा उठून उभे राहिले. “कुठे गेला होतात सगळे?”

मुलगा म्हणाला, “मुंगीने बहुतेक काहीतरी गिळलंय. फोटो काढला छातीचा. पण ही वस्तू फोटोत दिसतच नाही म्हणे. कवळीचा मसाला फोटोत उमटत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.”

“श्वास जरा घरघरतोय,” सून म्हणाली. “डॉक्टर म्हणाले सर्दीनेही असेल, पण खात्री देत नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी आणा. भूल देऊन घशातून नळी घालून बघू.”

“भूल? एवढ्याशा पोरीला?” बाबा म्हणाले. “गिळलं काय पण तिने?”

“बटाटा. पेटीतला. एक कमी आहे.”

बाबांनी पेपरची घडी घातली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. खरं सांगतो, मला त्यांचा भरवसा वाटत नव्हता. माणसाचा चेहरा असा साळसूद झाला की आत काय चाललंय ते मला चांगलं कळतं, मी स्वतः तसाच उभा असतो. ते न्हाणीघरात गेले. नळ सुटल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. बसणार हे गप्प, मी मनात म्हटलं. पोरीच्या घशात नळी जाईल आणि हे तोंड धूत बसतील.

नळ बंद झाला. बाबा आले ते थेट मुलाच्या हत्यारांच्या खणाकडे. दातांच्या मागे बघायचा छोटा आरसा असतो ना लांब दांडीचा, तो त्यांनी काढला, पेटीत घातला आणि माझ्या आणि तंबूच्या फटीत अलगद सरकवला.

“सूनबाई, इथे बघ.”

ती वाकली. अगदी जवळून मला तिचा एक डोळा दिसला, लाल झालेला.

“सत्तावीस,” ती म्हणाली आणि पोरीसकट खाली जमिनीवर बसली.

“मी चिकटवला,” बाबा म्हणाले. “सकाळी. तू आत होतीस. माझ्या वडिलांनी मला एकट्यालाच सांगितलं होतं, त्याच्या हातात काय आहे ते. उकडलेला बटाटा. सोबतचा एक पोरगा तापाने पडला होता, त्याच्यासाठी चोरलेला. मी विसरायच्या आत मला ते कुठेतरी ठेवायचं होतं.”

सून नवऱ्याला म्हणाली, “आधी दवाखान्यात फोन करा. सांगा, नळी नको.”

नवरा फोन घेऊन बाहेर गेला. ती बाबांकडे वळली. “मला सांगितलं असतंत तर, बाबा?”

“तू हात लावू दिला नसतास.”

“नसताच दिला,” ती म्हणाली. तिला हसू आलं की रडू, मला कळलं नाही. “पण तुम्हाला विचारून मी स्वतः चिकटवला असता.”

त्याच संध्याकाळी, रविवार नसतानाही, सव्वीसच्या सव्वीस बटाटे चिकटवले गेले.

आता पेटी पुन्हा कपाटावर आहे. झाकणाला कडी आहे. चिकटलेले बटाटे कुठे जाणार, तरी सून रोज दुपारी स्टुलावर चढते. सव्वीस बोटाने मोजते, शेवटच्यासाठी आरसा घालते. मग मोठ्याने “सत्तावीस” म्हणते. बाजूच्या खोलीतून बाबा विचारतात, “आहे ना?” ती म्हणते, “आहे.” हवालदाराला ऐकू जातं की नाही कोण जाणे. गेलं असेल तरी तो कबूल करणार नाही.

माझं काही मागणं नाही. तापाने पडलेला तो पोरगा या पेटीत नाही. बटाटा त्याच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून मी तो धरून उभा आहे. घरच्यांना एवढीच विनंती आहे की मोजणं बंद करू नका. कारण मुंगी आता दोन वर्षांची झाली. आज तुम्ही सगळे आत जेवत होता तेव्हा तिने ते स्टूल धरलं आणि कपाटाच्या दिशेने वीतभर ओढलं. मग वर माझ्याकडे बघितलं, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि अगदी साळसूद उभी राहिली.

मला तिचा संशय आहे.