अर्धा झाकलेला आरसा

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं मास्तर चोवीस वर्षं स्वतःला सांगत आले होते. राहून गेलं नव्हतं, टाळलं होतं. आणि आज कपाट आवरताना बायकोच्या हाती नेमकं ते जुनं विज्ञानाचं पुस्तक लागलं, आणि ‘वक्र आरसे’ या धड्यातून पाकीट खाली पडलं.

मास्तर खिडकीशी दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता.

“मुलीचं अक्षर दिसतंय,” बायको चष्मा शोधत म्हणाली. “इतकं जपून ठेवलंय, म्हणजे वाचण्यासारखं असणार.”

तिने मोठ्याने वाचायला घेतलं. “‘आदरणीय सर, अंतर्वक्र आरशाचा खालचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर पडद्यावरच्या प्रतिमेचं काय होईल...’” ती थांबली. “अहो, प्रेमपत्रसुद्धा धड मिळालं नाही तुम्हाला.”

मग मास्तरांना सगळं सांगावं लागलं. हा प्रश्न त्यांनीच पेपरात घातला होता. प्रतिमा अर्धीच दिसेल, हे त्यांचं उत्तर. पहिल्या बाकावरच्या घड्याळवाल्याच्या मुलीने लिहिलं, प्रतिमा पूर्ण दिसेल, फक्त अंधूक. मास्तरांनी शून्य दिलं. ती वर्गात उभी राहिली, तेव्हा ते म्हणाले, “मी रोज दाढी करतो. आरसा अर्धा झाकला की चेहरा अर्धाच दिसतो. तू कधी दाढी केली आहेस का?” वर्ग खो खो हसला. मुलगी खाली बसली. आठवड्याने हे पत्र आलं: मी घरी करून पाहिलं, सर. तुम्हीही करून पाहा आणि काय दिसलं ते कळवा.

“मग? काय दिसलं?”

“करून पाहिलं नाही.”

मास्तर पुटपुटले, की शाळेतला चांगला आरसा कुलपात असायचा, तपासणीला साहेब आले तरच बाहेर निघायचा. वक्र आरसे त्यांनी जन्मभर फळ्यावरच शिकवले होते. खडूचा आरसा फुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. पत्र आल्यानंतर तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी पेपरात घातला नाही, आणि बंद पडलेलं घड्याळ गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन दुरुस्त करून आणू लागले.

“हा तुमचा दाढीचा आरसा कुठला?”

“अंतर्वक्रच.”

“मग घोडं कुठे अडलंय?”

घोडं अडण्याची सगळी कारणं संपली होती. मास्तरांनी आरसा खिडकीसमोर धरला, बायकोने त्याच्यापुढे जरा बाजूला कोरा कागद. तो मागेपुढे करता करता कागदावर एकदम समोरची गच्ची उतरली. इवलीशी, पण रंगांसकट. समोरची शेजारीण झारीने कुंड्यांना पाणी घालत होती. डोकं खाली, पाय वर, आणि पाणी आभाळाकडे चाललेलं.

“अगंबाई, उलटी झाली की ही,” बायको म्हणाली. इतका आनंद तिला त्या शेजारणीबद्दल आजवर कधी झाला नव्हता.

मास्तरांनी पाकीट उचललं, ते जुनंच, आणि आरशाचा खालचा अर्धा भाग झाकला. शेजारीण आता कमरेपर्यंतच उरायला हवी होती.

ती पूर्ण होती. डोक्यापासून चपलांपर्यंत, झारीसकट.

“नुसतं ऊन उतरल्यासारखं झालं,” बायको म्हणाली. “बाकी बाई जागच्या जागी.”

दाढीच्या वेळी चेहरा आरशाच्या अगदी जवळ असतो. ती प्रतिमा पडद्यावर पडतच नाही. मास्तर एकाचा नियम दुसऱ्याला लावत होते, आणि तोही ऐटीत. ते खुर्चीवर बसले. गालावरचा साबण वाळून ओढत होता.

उत्तर लिहायला दुपार झाली. पहिल्या मसुद्यात सात पानं किरणाकृत्या होत्या. दुसऱ्यात शाळेच्या कुलपाचा इतिहास होता. तिसरा वाचून बायको म्हणाली, “चूक तुमची, की कुलपाची?” चौथा पाच ओळींचा झाला:

‘चि. सौ. की डॉक्टर, मला माहीत नाही. आज करून पाहिलं. प्रतिमा पूर्ण दिसली, अंधूक. तुझं बरोबर होतं. दोनपैकी दोन. वर्गाला हसवलं, त्याचे गुण कसे परत करावेत ते मला कळत नाही.’

“पत्ता घड्याळाच्या दुकानाचाच घाला,” बायको म्हणाली. “म्हातारा अजून बसतो तिथे. लेक मोठ्या प्रयोगशाळेत आहे, हे ऐकवल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नाही.”

मास्तर तडक निघाले. त्यांची एका गालाची दाढी राहिली होती. बायकोने ते पाहिलं होतं. पण दाढीला बसले तर पत्र परत पुस्तकात जाईल, म्हणून ती गप्प बसली.

पोस्टाची पेटी वळणावर होती. पत्र आत पडल्याचा आवाज आला, तरी मास्तरांनी फटीत बोटं घालून खात्री केली. मग मान वर केली. वळणावरची वाहनं दिसावीत म्हणून खांबावर फुगीर आरसा लावला होता. त्यात अख्खा रस्ता मावला होता, आणि रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उभा होता. धड्यात सांगितल्याप्रमाणे आकाराने लहान, आणि सुलटा. त्याची दाढी अर्धीच झाली आहे, हे एवढ्या लांबून कळत नव्हतं.