दोष गाडीत आहे

"आधी हात पूस," सासरे म्हणाले. "मग बॉनेटला लाव."

मी हात पुसले नाहीत. तसंच बॉनेट उघडलं. माझ्याच गॅरेजात माझ्याच हातांना नावं ठेवून घ्यायला मी काही रोज सकाळी शटर वर करत नाही.

त्यांचा जावई होऊन मला एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी मला जावई म्हटलेलं नाही. मेकॅनिक म्हणतात. आपली मुलगी मेकॅनिकच्या घरी दिली, हे ते पाहुण्यांना अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलगी विहिरीत पडली. मीही काही साधा नाही. मी त्यांना साहेब म्हणतो, आणि कोणत्या सुरात म्हणतो ते बायकोला बरोबर कळतं. त्यांना कचेरीतून निवृत्त होऊन जमाना झाला, तरी अजून शर्टाच्या खिशाला दोन पेनं असतात.

तरी ते माझ्याचकडे आले, कारण कार्बोरेटरची ही जुनी गाडी आता दुसरं कोणी हातात घेत नाही. नव्या गॅरेजवाल्यांना कॉम्प्युटर जोडल्याशिवाय गाडीचं डोकं दुखतंय की पोट तेही कळत नाही.

"रेस अडकते," ते म्हणाले. "पाय काढला तरी इंजिन बोंबलत राहतं. परवा त्यामुळेच गाडी फाटकाच्या खांबावर गेली."

त्या खांबाला शेजारच्या मुलीची सायकल टेकवलेली होती. सायकलचा पार चुराडा झाला. मुलगी नुकतीच उतरून आत गेली होती, म्हणून वाचली. मेव्हण्याचं म्हणणं, बाबांचा पाय चुकला, गाडी विकून टाकायची, उद्या गिऱ्हाईक येतंय. सासऱ्यांचं म्हणणं, पन्नास वर्षांत पाय चुकलेला नाही, दोष गाडीत आहे.

"तसं लिहून दे," ते म्हणाले. "सहीनिशी. त्या दीडशहाण्याच्या तोंडावर फेकतो."

"आधी बघू तर द्या."

"बघ. तेवढं तरी येत असेल."

इंजिन थंड होतं. मी ॲक्सिलरेटरची केबल ओढली, सोडली. सुळकन परत आली. पुन्हा ओढली, पुन्हा आली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हातारा चुकला आणि ते त्याला मी सांगायचं, असा दिवस रोज उगवत नाही.

"केबल ठीक आहे, साहेब. पायाचंच असणार."

"इंजिन तापू दे आधी. थंड गाडीपुढे उभा राहून निकाल देतोस, तू काय न्यायाधीश लागून गेलास?"

वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं. गाडीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं, तोंडं फिरवून. मग मी केबल ओढून सोडली. रेस वर गेली ती वरच राहिली. खाली वाकून पाहिलं तर केबलचं कव्हर एक्झॉस्टच्या गरम पाइपला चिकटून वितळलेलं. थंड असताना आतली तार सरकत होती. तापलं की कव्हर मऊ पडून तारेला धरून ठेवत होतं. म्हातारा खरं बोलत होता. मला त्याचा फार राग आला.

"निघालं ना?"

"निघालं."

"मग मघाशी काय बरळत होतास?"

मी कामाला लागलो. नवी केबल घातली, एक्झॉस्टपासून लांबून फिरवली. कार्बोरेटरमधला काळा थर धुऊन काढला, ढिली पडलेली स्प्रिंग बदलली. कोणीतरी आयडलिंगचा, म्हणजे पाय काढल्यावरच्या रेसचा, स्क्रू वाटेल तसा पिळून ठेवला होता, तो मागे घेतला. सासरे डोक्यावर उभे राहून शिकवत होते. "तो पाना नाही, दुसरा घे." दुसराच बरोबर होता, तरी मी हट्टानं पहिल्यानंच काम उरकलं.

पुन्हा अर्धा तास गाडी तापवली आणि पन्नास वेळा केबल ओढून पाहिली. एकदाही अडकली नाही. इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर येऊन स्थिरावलं. काम माझं आहे म्हणून सांगत नाही, पण असं आयडलिंग नव्या गाडीलाही नसतं.

"बसा," मी म्हणालो. "गिअर काढलेलाच आहे. मागचे दिवे तेवढे बघतो आणि चिठ्ठी लिहून देतो."

ते ऐटीत बसले. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"ब्रेक दाबा."

इंजिन किंचाळलं. दिवे लागले नाहीत.

"सोडा."

इंजिन लगेच खाली आलं.

"ब्रेक, साहेब. ब्रेक दाबा."

पुन्हा किंचाळलं. लाल काचा तशाच विझलेल्या. मागच्या काचेतून मला त्यांची ताठ मान दिसत होती. मग इंजिन खाली आलं.

"अजून अडकतंय," ते आतून म्हणाले. आवाज साहेबाचा नव्हता.

एकोणीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्या जिभेवर आलं. मी त्यांच्या खिडकीपाशी गेलो. त्यांनी दोन्ही पाय पेडलांपासून दूर, सीटखाली ओढून घेतले होते.

"हो," मी म्हणालो. "अडकतंय."

एका कागदावर लिहिलं : दोष गाडीत आहे. चालवणं धोक्याचं. दुरुस्त होण्यासारखा नाही. खाली सही केली.

त्यांनी चष्मा पुसून वाचलं. बराच वेळ वाचलं.

"होण्यासारखा नाही म्हणजे काय? तुला जमला नाही, असं लिही."

ही चिठ्ठी मेव्हणा साऱ्या गल्लीला वाचून दाखवणार, हे मला माहीत होतं. मी तसं लिहिलं.

"वाटलंच होतं मला," ते म्हणाले. चिठ्ठीची घडी करून त्यांनी पेनांच्या खिशात ठेवली आणि इंजिन चालू ठेवूनच उतरले. "किल्ली आत आहे. उद्या गिऱ्हाईकाला इथेच पाठवायला सांगतो."

ते चालत निघाले. फूटपाथच्या कडेला थांबले, खाली उजव्या पायाकडे पाहिलं आणि मग जपून तो रस्त्यावर ठेवला.

मी गाडीपाशी परत आलो. इंजिन आठशेवर चालू होतं, जराही कमीजास्त नाही. मी हात पुसले आणि ते बंद केलं.