पोट भरलेल्या उंदराचा हट्ट

मित्रांनो, मी एक म्हातारा उंदीर आहे. लगेच नाक मुरडू नका! तुमच्या स्वयंपाकघरात पीठ सांडतो तो माझा लांबचा भाऊबंद. माझी जात उंदरांतली सगळ्यात थोराड. शेपटीसकट मोजलंत तर मी तुमच्या हाताएवढा लांब भरेन. माझ्या गालांत पिशव्या आहेत, त्यांत मी खाऊ साठवतो. डोळे अधू, पण नाक विचाराल तर एकदम तिखट!

सुरुंग शोधणाऱ्या पथकातल्या एका ताईनं मला लहानाचं मोठं केलं आणि काम शिकवलं. लढाई संपते, सैनिक घरी जातात, पण त्यांनी पुरलेले सुरुंग जमिनीतच राहतात. माणसाचा पाय पडला तर संपलंच. मी हलका, माझ्या वजनानं ते फुटत नाहीत. पट्टा बांधून ताई मला सोडते. सुरुंगातल्या दारूचा वास आला की मी माती खरवडतो आणि मला केळ्याचा तुकडा मिळतो. म्हणून कामाआधी आम्हाला उपाशी ठेवायचं, हा पथकाच्या साहेबांचा कडक नियम.

खूप वर्षं माझं कौतुक झालं. मग मिशा पांढऱ्या झाल्या आणि एक दिवस साहेब म्हणाले, "हा आता केळ्यासाठी कुठेही खरवडतो. उद्याचा दिवस शेवटचा, मग पिंजऱ्यातच बसू दे."

त्या शेवटच्या दिवशी आम्ही सुतारकाकांच्या अंगणात होतो. लढाईत पळून गेलेलं त्यांचं कुटुंब सामानानं भरलेली गाडी घेऊन रस्त्यावर थांबलं होतं. अंगण मोकळं झालं की त्यांना घरात शिरायचं होतं. अंगणाच्या दारापाशी मला वास आला. मी खरवडलं. साहेबांनी धातू शोधणारं यंत्र फिरवलं. यंत्र गप्प!

"बघितलंस? नुसती नाटकं!" साहेब म्हणाले.

ताईनं पट्टा ओढला. मी चारही पाय रोवले. पुन्हा ओढलं, मी पुन्हा तिथेच आलो. मला राग आला होता, मित्रांनो. यंत्राला काय कळतंय!

"अहो, पोरं उन्हात ताटकळलीत," सुतारकाका लांबून ओरडले. "उंदराच्या नादी किती लागायचं?"

तेव्हा ताई चाचरत म्हणाली, "साहेब, माझं चुकलं. याचा शेवटचा दिवस म्हणून मला राहवलं नाही. सकाळीच पोटभर केळं चारलंय."

"कामाआधी? अक्कल गहाण ठेवलीस का?"

"ओरडा खुशाल. पण याचे गाल अजून फुगलेत. मग हा खरवडतोय कशासाठी?"

तिनं एक तुकडा पुढे केला. मी तोंड फिरवलं आणि पुन्हा माती उकरली.

साहेबांचा चेहरा उतरला. ते पालथे पडून हळूहळू माती बाजूला करू लागले. खाली प्लॅस्टिकचा सुरुंग होता. धातू नावालाच, म्हणून यंत्र मुकं. गाडीचं चाक नेमकं तिथूनच गेलं असतं.

सुतारकाकांनी धाकट्या मुलीला जवळ ओढून घट्ट धरलं. मग ते साहेबांना म्हणाले, "परसदार राहिलंय अजून. उद्या यालाच आणा."

तेव्हापासून मी रोज कामावर आहे. मित्रांनो, म्हाताऱ्यांना आराम जरूर द्या. पण एखादा म्हातारा एकाच जागी पाय रोवून उभा राहिला, तर त्याला ओढण्याआधी एकदा खाली बघा.