ताईचा कान

"बाबा, तुमचं हे इंजिन आजोबांच्या जमान्यातलंच आहे ना?"

हे मी हँगरमध्ये, विमानाशेजारी उभी राहून विचारणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलं. दोघी जाळीबाहेर तोंड दाबून हसत होत्या.

बाबा विमान उडवायला शिकवणाऱ्या संस्थेत दुरुस्तीचं काम करतात. ते चिडले नाहीत. "जवळजवळ तेच," म्हणाले. "नवं काढायचं तर चाचण्या आणि परवानग्यांत वर्षं जातात, आणि घेणारे मूठभर. चालतंय त्याला कोण हात लावतो?"

म्हणजे बघा, आईची स्कूटर हवा-पेट्रोलचं प्रमाण स्वतः ठरवते आणि इथे ते माणसाने लाल मुठीचा दांडा ओढून ठरवायचं. ओढला की पेट्रोल कमी होतं. किती ओढायचा? आवाज ऐकून. तो किंचित चढतो, मग इंजिन खोकतं. खोकायच्या आत थांबायचं.

आणि इथेच आमची ताई येते. ती तिथेच उडवायला शिकते आणि तिला म्हणे कान आहे. पाहुणे आले की ताईचा कान. फोन आला की ताईचा कान. मलाही दोन आहेत, पण ते फक्त चष्मा अडकवायला दिलेत असं सगळ्यांना वाटतं.

त्या दिवशी बाबा इंजिन जमिनीवरच चालवून बघणार होते. ताई त्यांच्या शेजारी बसायला निघाली.

"आज मी," मी म्हटलं.

"तू? तुला मिक्सर बंद झालेलाही कळत नाही."

बाबांनी मला पुढे बसवलं, ताईला मागे. इंजिन सुरू झालं. मी दांडा ओढू लागले. आवाज चढला की नाही, काही कळेना. मागून ताई ओरडली, "बस, बस." ती म्हणाली म्हणूनच मी आणखी ओढला.

पंखा थांबला.

"ताईला बसू दे," बाबा शांतपणे म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. इंजिन पुन्हा सुरू केल्यावर ताईने दांडा थोडा ओढला, मग केसभर आत सारला, आणि इंजिन लोण्यासारखं चालू लागलं. बाबा असे हसले, जसे माझ्या गणितातल्या पैकीच्या पैकी मार्कांनाही हसले नव्हते. माझा जळून कोळसा.

जेवताना आईला तीच गोष्ट पुन्हा सांगणं चाललं होतं. मी पेला आपटला.

"आई, बाबा, ऐका. मी इंजिनं बनवायला शिकणार आहे. परवानग्यांना लागू देत वर्षं, मी काही म्हातारी झालेली नाही. माझं इंजिन आपलं प्रमाण आपणच ठरवेल, आणि ताईच्या कानाला डूल घालण्यापलीकडे काही काम उरणार नाही."