दातातलं पान

आमच्या ओडिशात रज सणाचे तीन दिवस आम्ही बायकांनी कामाला हात लावायचा नाही, अनवाणी पाय भुईवर टेकवायचा नाही. निखाऱ्यावर भाजलेला गोड पोडपिठा खायचा आणि झुलायचं. एवढं सुख असून लग्नानंतरच्या पहिल्या रजाला माझा जीव मात्र टांगणीला लागला होता.

झोपाळ्यावर उभं राहून आंब्याच्या वरच्या फांदीचं पान दातांनी तोडायचं आणि दातातच खाली आणायचं, हे गावात मला एकटीला जमायचं. यंदा मला झोका द्यायचा मान नव्या जावयाचा. आमचे हे, नवघन, पैलवान गडी. चुलतबहीण सेवतीनं आधीच बजावलं होतं, पान आलं नाही तर दाजींना जन्मभर ‘पिठाखाऊ’ म्हणणार, नुसता पिठा खायला आलेला. आणि सेवती कुणाला सोडत नाही.

यांनी बाह्या सरसावल्या. झोका अजून मागे येतच होता, तोच दोन्ही हातांनी असा रेटा दिला की झोका मंदावला आणि फळीच्या दणक्यानं हे चारी मुंड्या चीत. उठून पुन्हा तेच, दुप्पट जोरानं. अंगात बैलाचं बळ, आणि सगळं वाया. बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. मला रडू फुटायला आलं.

शेवटी मीच आईदेखत म्हणाले, “अहो, माझ्याशी कुस्ती कसली खेळता? मला आधी पूर्ण मागे येऊ द्या. पुढे निघाले की मग ढकला, हळूच.”

नवी नवरी चारचौघांत नवऱ्याला शिकवते म्हणजे काय! हे मात्र नुसतं “बरं” म्हणाले.

मग नुसता तळहात लावू लागले. मी गुडघे वाकवून जोर भरत होते. दर खेपेला झोका थोडा वर, आणखी थोडा वर. खालची घरं कलंडली, वर आभाळ आणि खाली आभाळ. मी पान तोडलं! दातात कचकन धरलं.

आता फक्त गप्प राहून खाली यायचं होतं.

“पुरे का अजून?” खालून यांनी विचारलं.

“अजून!” मी ओरडले.

पान गेलं भिरभिरत. सेवती टाळ्या पिटत ‘पिठाखाऊ, पिठाखाऊ’ करत नाचायला लागली, मी हसता हसता दोराला लटकले, आणि आमचे पिठाखाऊ हसू आवरत, मी पूर्ण मागे येण्याची वाट बघत उभे होते.