खोडसाळ कोण?

शनिवारी दुपारी ओडेसा टिलरी ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. बोटं चालत होती, पण लक्ष सगळं फाटकाकडे. वकील यायचा होता.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या तिच्या गावाने मतदानाची जागा चर्चमधून हलवून शेरीफच्या, म्हणजे पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत नेली होती, अगदी कोठडीच्या भिंतीला लागून. ज्यांच्या बापभावांनी त्या कोठडीत मार खाल्ला, त्या काळ्या माणसांनी तिथे मत द्यायचं. ओडेसाने आणि चर्चमधल्या तिघींनी दावा लावला. गावाच्या वकिलाने उलट धमकावलं: दावा खोडसाळ आहे, मागे घ्या, नाहीतर आमचा खर्च तुमच्याकडून वसूल करू. तिघींनी घाबरून माघार घेतली.

तिचा वकील परसेल आला. पोरगेलासा, घामाघूम.

"मिस ओडेसा, या कागदावर सही केलीत तर खर्च माफ. नाही केलीत तर खर्चापायी घरावर जप्ती येईल. खोडसाळ दावा चालवला म्हणून दंड मलाही होईल."

तिने कागद वाचला. "'दावा निराधार होता हे मला मान्य आहे.' त्या तिघींनीही हेच लिहून दिलं?"

"हो. आता गावाचा वकील ते कागद कोर्टात तुमच्याविरुद्ध दाखवेल."

तिचा नवरा क्लेव्हन दारातून म्हणाला, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, सांगत होतो ना? कर सही. हे घर मी माझ्या हातांनी बांधलंय, ओडी."

खोट्या दाव्यांना चाप हवाच, कोण नाही म्हणतं? पण तोच चाप खऱ्याच्या गळ्याला लावणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

"क्लेव्हन, तू जाशील तिथे मत द्यायला?"

तो दारातून बाहेर आला. "नाही जमायचं मला. तो कोठडीचा दरवाजा दिसला तरी पाय लटपटतात."

"मग दावा खोटा कसा रे?"

कोठडीत आपलं काय झालं, ते क्लेव्हनने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

ओडेसाने कागद सही न करताच परत दिला. ती क्लेव्हनकडे वळली. "तिथे काय झालं ते जज्जसमोर सांगशील?"

क्लेव्हन पायरीवर बसला.

"सांगेन," तो म्हणाला. "पण आधी तुला सांगू दे."